मज्जारज्जूची इजा आणि शौचाचं वेळापत्रक

झाडावरून पडून किंवा अपघातात मज्जारज्जूला इजा झाली, की लुळे पडलेले पाय सगळ्यांना दिसतात. शौचावरचा ताबा सुटल्याचं मात्र कुणी बोलून दाखवत नाही. आज त्याविषयी मोकळेपणानं बोलू.

इजा मज्जारज्जूच्या खालच्या टोकाच्या वर असेल, तर आतड्याची प्रतिक्षिप्त क्रिया बहुधा शिल्लक राहते. हातमोजा घालून, वंगण लावलेलं बोट गुदद्वारात हलकेच गोल फिरवलं किंवा डॉक्टरांनी सांगितलेली सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी, ठेवली, की शौचाला चालना मिळते. टोकालाच किंवा त्याखालच्या नसांना इजा असेल, तर गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो आणि मळ बोटानं हळुवार काढावा लागतो. दोन्ही पद्धती प्रशिक्षित नर्सकडून शिकून घ्या.

जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते. म्हणून न्याहारीनंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी, ठरल्या वेळीच बसा. कमोडची बैठक मऊ हवी. त्वचेला संवेदना नसल्यानं जखम होते आणि कळतही नाही. पाणी आणि चोथायुक्त आहार किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल, तर सावध राहा. शौचाच्या वेळी अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला, चेहरा लाल झाला, तर रक्तदाब धोकादायकरीत्या वाढलेला असू शकतो. लगेच थांबा, रुग्णाला ताठ बसवा, कपडे सैल करा, तातडीनं वैद्यकीय मदत घ्या.

वेळापत्रक बसायला काही आठवडे लागतात. धीर धरा. ते बसलं, की शाळा, नोकरी, लग्नकार्य, प्रवास सगळं पुन्हा शक्य होतं.