फाल्गुनराव कोण करणार?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात, नाट्यप्रवेशांपूर्वी केलेलं भाषण)



अजून पंधरा मिनिटांनी मला फाल्गुनराव व्हायचं आहे. मिशी अर्धीच चिकटली आहे आणि थळच्या खाऱ्या वाऱ्यापुढे डिंक किती टिकेल ते माहीत नाही. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

'संगीत संशयकल्लोळ'मधले दोन प्रवेश करायचे ठरले, तेव्हा अश्विनशेठसाठी चार नावं आली, रेवतीसाठी तीन. फाल्गुनरावासाठी एकही नाही. "टाळ्या गाण्यांना पडतात हो, त्या संशयी म्हाताऱ्याला कोण विचारतो?" शेवटी माझं नाव लागलं, कारण त्या मीटिंगला मी गैरहजर होतो!

मग घरी येऊन ही भूमिका मुळात कोणी केली ते वाचायला घेतलं. ते होते गणपतराव बोडस. जन्म १८८० चा. किर्लोस्कर मंडळीत नावारूपाला आले. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि बोडस या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. दोघे भागीदार गाण्यातले, हे तिसरे मात्र अभिनयाच्या जोरावर उभे. काळ असा, की एका पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडायचे आणि रात्र सरायची. तेवढा वेळ शेजारच्या नटानं भूमिका न सोडता उभं राहायचं आणि गाणं संपलं की निसटलेलं नाटक पुन्हा हातात घ्यायचं. हे काम कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं तरच येतं!

१९११ च्या 'मानापमान'मध्ये ते लक्ष्मीधर झाले, श्रीमंत आणि भित्रा. १९१६ मध्ये फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले आणि ऑक्टोबरात 'संशयकल्लोळ' संगीत रूपात रंगभूमीवर आलं. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव सावरायला जातात, नेमकं तेच बायको पाहते. पुढे तिच्या हातात परक्याची तसबीर पाहून यांचं डोकं फिरतं. गंमत अशी, की हसायचं प्रेक्षकांनी. फाल्गुनरावाच्या मनात खरीच आग लागलेली असते. तो स्वतः हसला की नाटक संपलं.

आणि तीनच वर्षांनी हाच माणूस 'एकच प्याला'मधला सुधाकर झाला. २३ जानेवारी १९१९ ला गडकरी गेले, २० फेब्रुवारीला बडोद्याला पहिला प्रयोग. सिंधू बालगंधर्वांची. तिच्या पदांनी प्रेक्षक हळवे झालेले असताना या दारुड्यानं समोर यायचं, सगळ्यांचा राग ओढवून घ्यायचा आणि तरी त्याची कीव वाटायला लावायची. विचार करा, सुधाकर कच्चा असता तर सिंधूचे अश्रू कशासाठी? पुढे १९४० मध्ये बोडसांनी आत्मचरित्र लिहिलं. नाव काय ठेवलं? 'माझी भूमिका'.

हे सगळं आज सांगतोय त्याला कारण आहे. आपलं गणपतीतलं नाटक सात वर्षं बंद होतं. लोक म्हणतात, मुलं मुंबई-पुण्याला गेली म्हणून. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की नायक व्हायला माणसं होती. फाल्गुनराव, भादव्या, पडदा ओढणारा आणि खुर्च्या मोजून परत करणारा व्हायला कोणी मिळेना. मीही त्यातलाच. दोन वर्षं मला छोटी भूमिका दिली म्हणून रुसून बसलो होतो. आज पंचवीस वर्षांच्या साक्षीनं ते कबूल करतो.

आजची तालीम अकरा दिवसांचीच आहे. चुका होतील, हसा. पण पुढच्या गणपतीत कागद फिरेल तेव्हा पहिलं नाव फाल्गुनरावासमोर लिहा. माझं असेलच, पण मला त्या जागेसाठी भांडायला आवडेल.

चला, उरलेली मिशी लावायला बोलावतायत.