भिंती नसलेला वर्ग

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शाळेच्या वर्गाला चार भिंती असतात, दार असते आणि वेळेची घंटा असते. शिक्षकाच्या वर्तनाला या गोष्टी नकळत वळण लावीत असतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर आला, तेव्हा भिंती गेल्या, दार गेले, घंटाही गेली. पुढे शाळा पूर्ववत् भरू लागल्या. वर्गाचा व्हॉट्सॲप गट मात्र राहिला. तेथे शिक्षकाने कसे वागावे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. २०२० च्या हिवाळ्यात मी रात्री आठ वाजता गटावर स्वाध्याय पाठवीत असे आणि सकाळपर्यंत उत्तरे देणाऱ्यांची नावे शाबासकीसह जाहीर करीत असे. सातवीतील एका मुलीचे नाव त्या यादीत कधीच येईना. मी तिला आळशी ठरविले. गृहभेटीस गेलो तेव्हा कळले की, घरात मोबाईल एकच आणि वडील साखर कारखान्यात रात्रपाळीला जाताना तो बरोबर नेत. सकाळी ते परतले की मुलगी प्रश्न वहीत उतरवून घेई. तोवर माझी यादी लागलेली असे. तिने वही पुढे केली. सर्व स्वाध्याय तारीखवार सोडविलेले होते. मी अभ्यासाचे मोजमाप करीत नव्हतो, मोबाईलच्या मालकीचे करीत होतो.

म्हणून पहिली गोष्ट समन्यायाची. गटावर जे दिले ते दुसऱ्या दिवशी फळ्यावरही लिहावे. एकाची शंका सोडविली, तर ते उत्तर सर्वांना मिळावे. कोणाचे गुण वा चुका गटावर मांडू नयेत. बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. सर्व पालकांदेखत झालेली मानहानी मुलाच्या मनाला किती लागते, हे आपण जाणतोच. त्याच अधिनियमाचे कलम २८ शिक्षकास खाजगी शिकवणीची मनाई करते. ती मोबाईलवरून घेतल्याने क्षम्य ठरत नाही.

दुसरी गोष्ट मर्यादेची. संदेश गटावर अथवा पालकांच्या क्रमांकावर आणि शाळेच्या वेळेत पाठवावा. विद्यार्थ्याशी एकांतातील संभाषण टाळावे. समाजमाध्यमांवर त्याच्याशी व्यक्तिगत मैत्री जोडू नये. पालकांच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र प्रसृत करू नये. यात शिक्षकावर अविश्वास नाही. दार उघडे ठेवून शिकविण्यात विद्यार्थ्याचे जसे रक्षण आहे, तसेच शिक्षकाचेही आहे.

येथे कोणी विचारील की, एखाद्या संकटातील मुलाने रात्री आपल्यालाच संदेश पाठविला तर? त्याला झिडकारू नये. परंतु ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. मुख्याध्यापकांस कळवावे, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घ्यावी. लैंगिक अत्याचाराची बाब असेल, तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि मौन हा अपराध आहे.

पंचायत सदस्यांना एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि लोकप्रतिनिधींनाही स्थान असते. गटाचे हे नियम समितीच्या बैठकीत ठरवून शाळेच्या सूचनाफलकावर लावावेत. ज्यांच्या घरी मोबाईल नाही, अशा मुलांची नोंद शिक्षकाजवळ असावी.

त्या मुलीच्या वहीवर मी उशिरा स्वाक्षरी केली. आपणांपैकी कोणावर तशी पाळी येऊ नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.