रविवारची पंगत
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘आपली कुटुंबसंस्था’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभी हयात मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेलेली. म्हणून एवढ्या थोर विषयाला सर्व बाजूंनी कवेत घेण्याचे धाडस न करता, त्यातील एका लहानशा कोपऱ्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले. तो कोपरा म्हणजे आपले स्वयंपाकघर, आणि बोलावयाचे ते इतकेच की, आठवड्यातून एक दिवस घरातील सर्वांनी एका पंगतीस बसून रात्रीचे जेवण करावे, आणि त्याची आखणी आधीपासून करावी.

यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांसही पूर्वी तसेच वाटत असे. आपल्या वाडवडिलांच्या घरी पंगत रोजचीच होती. तिची योजना करावी लागत नव्हती. तथापि त्या पंगतीविषयी आपण जे गोडवे गातो, त्यांत एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. त्या पंगतीत घरातील सर्व माणसे नसत. आधी पुरुष, मग मुले, आणि सर्वांची उठबस झाल्यावर स्त्रिया, असा तो क्रम होता. वीस माणसांचे खटले, एकच चूल, लाकडाचा धूर आणि लहानसे माजघर, अशा स्थितीत दोन पंगती उठविण्यावाचून गत्यंतर नसेलही. परंतु चूल गेली, गॅस आला, वीस माणसांची सहा झाली, तरी क्रम मात्र तोच राहिला. अडचणीपोटी जन्मलेली रीत अडचण संपल्यावरही मानाची होऊन बसते, त्यातलाच हा प्रकार.

आम्हांस हे शहाणपण उशिरा सुचले, हे येथे कबूल केले पाहिजे. नोकरीत असताना आम्ही सकाळी जेवून शाळेत जात असू व रात्री ताटावर बसून उठत असू. आपल्यामागे स्वयंपाकघरात काय उरते, हे पाहण्याचा प्रसंग कधी आला नाही. सेवानिवृत्तीनंतर एके दुपारी अडीचच्या सुमारास पाणी पिण्यासाठी आत गेलो, तो आमच्या सौभाग्यवती ओट्यापाशी उभ्या राहून सकाळची अर्धी भाकरी हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खात होत्या. भाजीचे पातेले रिकामे होते. “भाजी संपली का?” असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “आज संपली असं नाही, रोजच संपते.” त्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तो शब्द आम्हांस फार लागला.

पुढे दोन महिन्यांनी त्यांना चक्कर आली. रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन आठच्या आसपास भरले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सहज विचारावे तसे विचारले, “घरात शेवटी कोण जेवतं?” आम्ही खाली मान घातली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ या वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, आणि केवळ पंगतीचा क्रम हेच एक कारण आहे असे आमचे म्हणणे नाही. पण शेवटी बसणाराच्या ताटात पालेभाजी, उसळ व दही यांतले काही उरत नसेल, तर त्या आकड्यात आपल्या घराचाही वाटा आहे, हे समजण्यास डॉक्टर असावे लागत नाही.

म्हणून आम्ही घरात जाहीर केले की, दर रविवारी रात्री आठ वाजता सर्वांनी एकत्र बसायचे. आम्ही दोघे, चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडे, आणि शेजारच्या गल्लीत राहणारे आमचे धाकटे बंधू व त्यांची पत्नी, अशी आठ पाने मांडावयाची. मुख्याध्यापकाने सूचनाफलकावर नोटीस लावावी, तशी ही आमची घोषणा होती. तिची जी वासलात लागली ती सांगण्यासारखी आहे. पहिल्या रविवारी चिरंजीव पावणेनऊला आले. दुसऱ्या रविवारी गरम फुलके हवेत म्हणून सूनबाई तव्यापाशी उभ्या राहिल्या आणि आम्ही सर्व जेवून उठलो, तेव्हा त्या एकट्याच बसल्या. तिसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, “नाना, राग मानू नका. पंगत सगळ्यांची झाली, पण रविवारची माझी सुट्टी गेली. सहा दिवस बँकेत आणि घरात, आणि सातव्या दिवशी आठ माणसांचा स्वयंपाक.” बंधू तर आलेच नाहीत. शेताच्या बांधावरून आमच्यात गेली काही वर्षे अबोला होता.

ज्ञातिबंधूंनो, हेतू चांगला असला म्हणजे काम होते, असे आपणांस वाटते. शाळेत आम्ही पाहिले आहे की, वेळापत्रकावाचून चांगला हेतू म्हणजे नुसता गोंगाट. आम्ही एक दोनशे पानी वही आणली, तिच्या पानावर चार रकाने आखले : पदार्थ, सामान, काम, आणि करणारा. गुरुवारी रात्री दहा मिनिटे बसून ते भरावयाचे. चौथा रकाना भरल्याखेरीज पहिला रकाना पक्का धरावयाचा नाही, हा नियम सूनबाईंनी घातला. आम्हांस तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खाणारे सर्व आणि राबणारी एक, अशी मेजवानी ही मेजवानी नसून शिक्षा आहे.

दुसरा नियम असा की, ज्या पदार्थासाठी एका माणसास तव्यापाशी किंवा कढईपाशी उभे राहावे लागते, तो पदार्थ रविवारी करावयाचा नाही. फुलके, पुऱ्या, भजी, थालीपिठे हे सर्व उत्तम पदार्थ. पण ते इतर दिवशी. रविवारी ज्वारीच्या भाकरी अर्धा तास आधी भाजून स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, किंवा पोळ्या करून डब्यात ठेवाव्यात. उसळ, पिठले, भरीत, वरण, आमटी, खिचडी, कढी हे सारे आधी होण्याजोगे आहे. सर्व भांडी पंगतीच्या मध्यभागी आणून ठेवावीत, आणि ज्याने त्याने वाढून घ्यावे किंवा शेजारच्यास वाढावे. आग्रह करण्यासाठीही कोणी उभे राहावयाचे नाही.

आता महिन्याची आखणी सांगतो. पहिल्या रविवारी मोड आलेल्या कडधान्याची उसळ, भाकरी, कोशिंबीर, थोडा भात व ताक. दुसऱ्या रविवारी पालेभाजी, म्हणजे मेथी, चाकवत, अंबाडी, जी बाजारात स्वस्त व ताजी असेल ती, आणि वरणभात. तिसरा रविवार नातवंडांचा. ती सांगतील ते करावयाचे, मात्र त्यासाठीचे वाटाणे सोलणे, कांदे चिरणे ही कामे त्यांनी करावयाची. चौथा रविवार ऋतूचा : चैत्रात कैरीची डाळ, पावसाळ्यात रानभाजी, पौषात बाजरीची भाकरी, तीळकूट आणि वांग्याचे भरीत. ज्यांच्या घरी सामिष चालते त्यांनी तो दिवस त्यासाठी ठेवावा. चार रविवारांची ही चौकट एकदा बसली, की “आज काय करू?” हा स्त्रियांचा जन्माचा प्रश्न निदान आठवड्यातून एकदा तरी सुटतो.

मटकीचे गणित आम्ही अनुभवाने शिकलो. शनिवारी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधावी, म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीच्या दिवसांत अर्धा दिवस आधी सुरुवात करावी. दोन वाट्या मटकीची मोड आल्यावर चार-पाच वाट्या होते व आठ माणसांना पुरते. भाकरी असल्यास आठ माणसांना अडीच-तीन वाट्या तांदूळ पुष्कळ होतात. मापाचा हा धडा आपल्या समाजातील अनेक घरांनी १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पुस्तकावरून गिरविला. घरातली वाटी व चमचा हेच माप धरल्याने नवख्या सुनेचीच काय, आमच्यासारख्या निवृत्त मास्तराचीही सोय झाली.

होय, आमचीही. चौथ्या रकान्यात आमचे नाव ‘बाजार, कोशिंबीर व भांडी’ यांसमोर लिहिले गेले. प्रथम आम्ही काकडीची कोशिंबीर सात वाजताच मीठ घालून तयार ठेवली आणि आठ वाजता तिचे सार झाले. मिठाने काकडीला पाणी सुटते, म्हणून मीठ व फोडणी पान वाढताना घालावी, हे ज्ञान आम्हांस साठी उलटल्यावर, नातीच्या हसण्यासह प्राप्त झाले. चिरंजिवांकडे कुकर व आमटी आली. सूनबाईंकडे एका रविवारी भाकरी, तर पुढल्या रविवारी काहीच नाही. तो त्यांचा हक्काचा रिकामा रविवार. त्या दिवशी शेजारच्या बाईंकडून भाकरी विकत घेतो, आणि त्यात कमीपणा मानीत नाही.

आपल्या जुन्या ताटाची मांडणीही विचार करण्याजोगी आहे. मीठ, लिंबाची फोड, चटणी व कोशिंबीर डावीकडे, भाजी-उसळ उजवीकडे, मध्ये वरणभात. डाळ व भात एकत्र आले म्हणजे एकाच्या प्रथिनांतील उणीव दुसरे भरून काढते. पालेभाजी व कडधान्य यांतील लोह अंगी लागण्यास लिंबातील क जीवनसत्त्व मदत करते. याउलट जेवणानंतर लगेच घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून आमच्याकडे रविवारी रात्री चहा बंद आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळे यांचा असावा असे सांगितले आहे. आपण मात्र डावी बाजू बोटाएवढी व भाताचा डोंगर करून बसतो. पूर्वजांची मांडणी ठेवावी, पण प्रमाण बदलावे, असे आमचे नम्र मत आहे.

दूरचित्रवाणी बंद ठेवणे व भ्रमणध्वनी एका परडीत घालणे, हे नियम सांगणे नलगे. मात्र आणखी एक नियम आम्ही केला. पंगतीत कोणाची परीक्षा, पगार, लग्न किंवा वजन यांविषयी प्रश्न विचारावयाचा नाही. आयुष्यभर प्रश्न विचारण्याचीच सवय असल्याने हा नियम पाळणे आम्हांस सर्वांत जड गेले. पण प्रश्न थांबले, तशी मुले आपण होऊन बोलू लागली. नातू वर्गात गणिताला घाबरतो, ही गोष्ट गणित शिकविणाऱ्या आजोबांना पाच वर्षे ठाऊक नव्हती; ती एका रविवारी खिचडी खाताना समजली.

या व्यासपीठावरून आणखी एक गोष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. पंगत हे जसे प्रेमाचे साधन, तसेच ते आपल्याकडे शिक्षेचेही साधन होते. अमक्याला पंक्तीस घ्यावयाचे नाही, असे ठरवून जातिपंचायतींनी किती घरे वाळीत टाकली, याच्या कथा आपल्यापैकी वयोवृद्धांनी ऐकल्या असतील. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो अशा रूढींमुळेच. ज्ञातीचे मंडळ हे परस्परांच्या साहाय्यासाठी आहे, कोणाचे पान उचलण्यासाठी नव्हे. आमच्या नातीची एक मैत्रीण अधूनमधून रविवारी जेवावयास येते. तिची जात आम्ही विचारलेली नाही, आणि विचारणार नाही. वहीत तिच्यासाठी आम्ही ‘नववे पान’ असे लिहितो.

आणि आठवे पान? बंधूंच्या दोन पानांची जागा आम्ही चार महिने रिकामी ठेवीत होतो. दर शनिवारी नातू निरोप घेऊन जाई आणि “बघू” एवढे उत्तर घेऊन येई. एका रविवारी वहीत पिठले, भाकरी व कांदा एवढेच लिहिले होते. आमच्या मातोश्रींचा तो नेहमीचा रात्रीचा स्वयंपाक. निरोपात नातवाने तेही सांगितले असावे. आठ वाजून दहा मिनिटांनी दार वाजले. बंधू व त्यांची पत्नी आत आली, हातपाय धुऊन बसली. बांधाचा विषय कोणी काढला नाही. जेवण अर्धे झाल्यावर बंधू इतकेच म्हणाले, “आई मिरची जास्त घालायची.” आम्ही म्हणालो, “पुढच्या वेळी तू कर.” पुढच्या वेळी त्यांनी केले. बांधाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु आता मोजणी दोघांनी मिळून मागविली आहे.

सौभाग्यवतींची प्रकृती सुधारली आहे. गोळ्यांनी आपले काम केले. पंगतीनेही थोडे केले असेल. रविवारचा क्रम हळूहळू इतर दिवसांतही शिरला, आणि आता पहिले पान त्यांचे वाढले जाते. सुरुवातीस त्या संकोचाने अर्ध्यातून उठत असत. चाळीस वर्षांची सवय चाळीस दिवसांत जात नाही.

आपण सर्वांनी येत्या रविवारी घरी गेल्यावर मोठा बेत करू नये. भाकरी, एक कालवण व ताक पुरे. फक्त पाने मोजावीत, आणि घरातील जितकी माणसे तितकीच पाने एकाच वेळी मांडली आहेत ना, एवढे पाहावे. हिशेब चुकला तर तो कोणाच्या नावावर चुकतो, हेही पाहावे. आम्ही तो चाळीस वर्षे चुकविला. आपण चुकवू नये, म्हणून हे चार शब्द.