केडगावची उपकारस्तुती



बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३६वं स्तोत्र सव्वीस ओव्यांचं आहे. प्रत्येक ओवीचं पालुपद एकच, देवाच्या अखंड प्रेमाचं. एकाने ओवी म्हणायची आणि जमलेल्यांनी पालुपद उचलायचं; आपल्याकडे कीर्तनात टाळकरी धृपद धरतात तसंच. सुखाच्या दिवसांत हे पालुपद सहज म्हटलं जातं. खरं सांगायचं तर विसाव्या ओवीनंतर थोडा कंटाळाही येतो. पण घरातली माणसं एकामागून एक गेल्यावर ते कोणत्या तोंडाने म्हणायचं?

पंडिता रमाबाईंनी ते म्हटलं, म्हणून त्यांच्याविषयी बोलतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. पुराणं सांगत, तीर्थांमागून तीर्थं करत हिंडणारं हे कुटुंब. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी, इंग्लंडमध्ये असताना, रमाबाई ख्रिस्ती झाल्या. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, तिच्या शीर्षकात त्यांनी शब्द घातला तो कधीही न संपणाऱ्या धनाचा. इतकं गमावलेल्या बाईने!

ही नुसती शब्दांची श्रीमंती नव्हती. १८९६-९७ मध्ये मध्य हिंदुस्थानात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. पोटातली आग काय असते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हाडांचा सापळा झालेल्या मुली आणि बाया त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. आधी अन्न, आंघोळ, औषध. मग अक्षरओळख, विणकाम, शेती, छापखाना. या ठिकाणाला त्यांनी ‘मुक्ती’ म्हटलं. देवाचं प्रेम टिकाऊ आहे, हे त्या मुलींना पहिल्यांदा कळलं असेल ते वेळेवर मिळालेल्या जेवणातून, असं मला वाटतं.

उत्तरायुष्यात कानांनी साथ सोडली होती, तरी रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बाया. त्यांना समजेल अशी साधी मराठी हवी, हा बाईंचा हट्ट. आता भाषांतर करणाऱ्याला आवडती पानं निवडता येत नाहीत. १३६वं स्तोत्र करायचं, तसं ८८वंही करायचं. ते तर सगळंच्या सगळं गाऱ्हाणं आहे. शेवटी आशेचा एक शब्दही नाही, अंधारातच संपतं. आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे. देवाशी असं भांडण आपल्या तुकोबांनीही मांडलं होतं, त्यामुळे मराठी माणसाला त्याचं नवल वाटू नये.

म्हणूनच एक गोष्ट जरा रागाने सांगतो. कुणाच्या घरी मयत झाली की आपण सांत्वनाला जातो आणि वर सांगतो, देवाची इच्छा, त्याचे आभार माना. हे सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? उपकारस्तुती ज्याची त्याने, ज्याच्या त्याच्या वेळी करायची असते. तोवर त्याच्या घरी पिठलं-भाकरीचा डबा पोचवावा, शेजारी बसावं आणि त्याला रडू द्यावं.

१९२१च्या जुलैमध्ये मनोरमाबाई मिरजेला वारल्या. चाळिशीची, कर्तबगार, आईचा उजवा हात असलेली एकुलती लेक. रमाबाईंनी त्यानंतरही बायबलची मुद्रितं तपासणं सोडलं नाही. शेवटचं मुद्रित हातावेगळं झालं आणि मग त्यांनी डोळे मिटले, असं सांगतात. तो दिवस ५ एप्रिल १९२२. छापून पुरं झालेलं बायबल लोकांच्या हाती पडायला १९२४ उजाडलं. त्यात १३६वं स्तोत्र आहे, आणि ८८वंही.