उकिरड्याचे दैव

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, अशी एक म्हण मराठीत फार जुन्या काळापासून रूढ आहे. दीर्घकाळ विपन्नावस्थेत राहिलेल्या माणसास धीर देण्यासाठी ती वापरली जाते. परंतु जिच्या किंवा ज्याच्या तोंडून ती प्रथम निघाली, त्या व्यक्तीने उकिरडा जवळून पाहिलेला असला पाहिजे. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, अंगणातील केर आणि स्वयंपाकघरातील टरफले गावोगाव या एका ढिगावर पडत आली. कोंबड्यांनी तो उकरावा, उन्हाने वाळवावा, पावसाने त्यातील सत्त्व ओढ्याला वाहून न्यावे आणि उरलेला चोथा शेतकऱ्याने पेरणीपूर्वी गाडीत भरून शेतात टाकावा, असा हा क्रम. म्हणीतली बारा वर्षे अतिशयोक्तीची असतील, पण उकिरड्याच्या उपेक्षेत अतिशयोक्ती नाही.

ही बारा वर्षे तीन महिन्यांवर आणण्याचा प्रयोग इंदूर शहरात झाला. जगभरच्या शेतीविषयक ग्रंथांत ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती रीत ओळखली जाते. मात्र खुद्द इंदुरात, आणि इंदुराप्रमाणेच पिढ्यानुपिढ्या मराठी बोलली जाणाऱ्या ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव या शहरांत, आपल्या मोरीशेजारच्या टोपलीचा त्या प्रयोगाशी काही संबंध आहे, हे थोड्याच घरांना ठाऊक असेल.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन केंद्रात रुजू झाले. पिकांवरील रोगांचा अभ्यास करण्यासाठी आलेल्या या गृहस्थांना एक गोष्ट खटकली. संशोधन केंद्राभोवतालच्या शेतकऱ्यांची पिके कोणत्याही औषधांवाचून पुष्कळ अंशी निरोगी दिसत होती. तेव्हा शिकवण्याचा अभिनिवेश बाजूस ठेवून त्यांनी त्या शेतकऱ्यांनाच गुरुस्थानी मानले. चीनमधील शेतकरी शेकडो वर्षे एकाच जमिनीचा कस कसा टिकवून आहेत, याचे वर्णन अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या ग्रंथात आले होते. त्याचाही हॉवर्ड यांच्या मनावर परिणाम झाला. १९२४ मध्ये ते इंदूरला आले आणि होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर उभ्या राहिलेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेचे १९३१ पर्यंत संचालक राहिले. त्याच आवारात पुढे कृषी महाविद्यालय आले.

माळव्याची जमीन काळी आणि कापसाची. तेथील अडचण मोठी चमत्कारिक होती. कापसाच्या आणि तुरीच्या काटक्या, गवत, पालापाचोळा यांचे ढीगच्या ढीग पडलेले. परंतु ते कुजवण्यास लागणारे शेण मात्र अपुरे, कारण त्यातील बराच भाग गोवऱ्या होऊन चुलीत जाई. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कसा कुजवावा, हा प्रश्न होता. या कामात हॉवर्ड यांचे सहकारी होते संस्थेतील रसायनज्ञ यशवंत वाड. दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. पुढे कीर्ती हॉवर्ड यांच्या नावावर जमा झाली. वाड यांचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर असूनही लोकांच्या स्मरणातून गेले.

त्यांची रीत अशी. कापसाच्या टणक काटक्या आधी शेतावरील रस्त्यांवर पसरून ठेवीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. मग तो भुगा व इतर पाचोळा बैलांच्या पायांखाली अंथरीत. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल अशा खड्ड्यांत या अंथरणाचे थर रचले जात. थराथरावर शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती, लाकडाची राख आणि आधीच कुजू लागलेल्या खड्ड्यातील थोडे खत यांचा काला शिंपडला जाई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा हेच थर जमिनीच्या वर ढीग करून रचीत. ठरावीक दिवसांनी सर्व माल खालीवर करीत आणि सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत हाती येई. ही रीत पुढे केनियातील कॉफीच्या आणि आसाम-सिलोनमधील चहाच्या मळ्यांत पोचली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही हे काम पाहिले. त्याच्या एक वर्ष आधी, १९३४ मध्ये, जॅक्सन व वाड यांनी शेतातल्या काडीकचऱ्याप्रमाणे मनुष्यवस्तीतील केरकचराही याच पद्धतीने निर्धोकपणे कुजवता येतो, हे इंदुरातील अनुभवावरून मांडले होते. म्हणजे घरच्या केराचा विचारही या पद्धतीत लवकरच अंतर्भूत झाला होता.

या सर्व खटाटोपातील मर्म कोणते? कोणत्याही मराठी गृहिणीस ते समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण दह्याचे विरजण ती रोज लावते. दुधाचे दही ती स्वतः करीत नाही. विरजणातील जंतू करतात. तिने फक्त दूध योग्य तेवढे कोमट ठेवायचे आणि चमचाभर जुने दही घालायचे. खताचेही तसेच आहे. केर कुजवण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू आणि बुरशी करतात. घरधन्याने त्यांच्या अन्नाची, पाण्याची आणि श्वासाची सोय पाहायची. एवढाच फरक, की दही हलवले तर बिघडते आणि खत न हलवले तर बिघडते.

प्रथम अन्नाची गोष्ट. या जंतूंना कर्ब व नत्र ही दोन्ही द्रव्ये लागतात. एक भाग नत्रास सुमारे तीस भाग कर्ब असे प्रमाण त्यांना मानवते. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा या ओल्या केरात नत्र अधिक. वाळकी पाने, भुसा, नारळाच्या शेंड्यांचा भुगा यांत कर्ब अधिक. नुसता ओला केर साठवला तर तो सडतो आणि नुसता पाला साठवला तर तो वर्षभर तसाच राहतो. म्हणून दोहोंचे मिश्रण हवे. मापाने पाहता एक वाटी ओल्या केरास एक ते दोन वाट्या वाळका पाला, एवढा हिशेब घरगुती कामास पुरतो. दुसरी गोष्ट पाण्याची. मूठभर मिश्रण दाबले असता ते पिळून काढलेल्या फडक्यासारखे ओलसर लागावे, त्यातून पाण्याची धार लागू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हवेची. प्राणवायूवर जगणारे जंतू केराचे गोड मातीत रूपांतर करतात. हवा कोंडली की त्यांची जागा निराळे जंतू घेतात आणि दुर्गंधी सुटते. खताला घाण येते ही समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः घाण हे चुकीच्या खताचे लक्षण होय.

ज्यांच्या घराला परसू आहे, त्यांनी झाडाच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा जागी सुमारे तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तेवढाच उंच ढीग रचावा. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. चांगला जमलेला ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि त्या तापाने तणांचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. तळाशी काटक्यांचा थर, त्यावर पाला, त्यावर ओला केर, त्यावर शेणकाला किंवा जुने खत, मूठभर माती, आणि पुन्हा पाला, असा क्रम ठेवावा. पंधरा दिवसांनी व पुढे महिन्याच्या अंतराने ढीग खालीवर करावा.

परंतु आज पुष्कळांच्या वाट्यास परसू नाही, दोन हात लांबीची गच्ची आहे. त्यांनी कुंभाराकडून तीन माठ आणावेत आणि त्यांच्या पोटाला चोहोबाजूंनी व तळाला बोटाएवढी भोके पाडावीत. तळाशी नारळाच्या शेंड्या घालाव्यात आणि रोजचा केर बारीक चिरून त्यावर वाळक्या पाल्याचा थर पसरावा. आंबट ताक पाण्यात मिसळून अधूनमधून शिंपडल्यास विरजणाचे काम होते. जुने खत मिळाल्यास अधिक चांगले. पहिला माठ भरला की तो मुरत ठेवून दुसरा सुरू करावा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातील खत बहुधा तयार झालेले असते. माठ लहान असल्यामुळे तो ढिगासारखा तापत नाही, याकरिता रोगट झाडांची पाने त्यात घालू नयेत. तेलकट रस्सा, खारवलेले पदार्थ, हाडे व मासळी हीही माठात नकोत. देवघरातील निर्माल्य जरूर घालावे, मात्र हारातील दोरा, जर व प्लॅस्टिक काढून.

आरंभी अडचणी येतातच, आणि बहुतेक लोक पहिल्याच अडचणीला हे काम सोडून देतात. वास येऊ लागला तर ओल अधिक झाली असे समजावे. वाळका पाला घालून सर्व हलवावे, दोन दिवसांत फरक दिसतो. मुंग्या झाल्या तर ओल कमी पडली. थोडे पाणी शिंपडावे. पांढुरक्या अळ्या दिसल्या की घरातील मंडळी घाबरतात, पण त्या केर खाऊन आपलेच काम करीत असतात. ओला केर पाल्याने नीट झाकला असता माशा येत नाहीत व अळ्याही आपोआप कमी होतात.

तयार खत ओळखण्यास उपकरण नको. ते काळपट व चुरचुरीत असते, मूळ केराच्या तृतीयांशाहून अधिक उरत नाही, आणि त्यास पहिल्या पावसाने भिजलेल्या जमिनीचा वास येतो. शंका वाटल्यास त्यात चिमूटभर मेथी पेरून पाहावी. मेथी चांगली उगवली तर खत पक्व झाले. अपक्व खत झाडाला घालणे हितकारक नाही, कारण ते कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेते. कुंडी भरताना एक भाग खतास दोन-तीन भाग माती पुरे. अशा मातीत पाणी अधिक काळ टिकते, मुळांना हवा मिळते आणि तुळशीपासून कढीलिंबापर्यंत सर्वांच्या पानांवर त्याची साक्ष दिसते.

यावर कोणी म्हणेल, एका घराने हे केले म्हणून काय होणार? चौघांच्या घरातून रोज एक किलो ओला केर निघतो असे धरले, तर वर्षाचे साडेतीनशे किलोंहून अधिक होतात. भारतीय शहरांच्या कचऱ्यात सर्वसाधारणपणे निम्मा भाग असा कुजणारा असतो. तो सुक्या कचऱ्यात मिसळून शहराबाहेरच्या डोंगराएवढ्या ढिगात दडपला जातो, तेव्हा तेथे हवा पोचत नाही आणि मिथेन वायू निर्माण होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता कोंडून ठेवतो. उन्हाळ्यात असे ढीग पेटून दिवसेंदिवस धुमसत राहतात. इंदूर शहराने घरोघर ओला व सुका कचरा निराळा घेण्याची शिस्त लावली आणि २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळवला. तेथे २०२२ साली रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याचा कारखानाही सुरू झाला. तथापि हा सारा डोलारा उभा आहे तो स्वयंपाकघरात केर दोन टोपल्यांत टाकणाऱ्या हातावर.

आणि आणखी एका हातावर. फुटलेली काच, औषधाच्या सुया, कुजलेला भात आणि डबे एकाच पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवले, म्हणजे ते नाहीसे होतात असे घरातल्यांना वाटते. ते नाहीसे होत नाहीत. कोणीतरी ती पिशवी उघडतो व हाताने निवडतो. त्या निवडणाऱ्याच्या बोटांना झालेली जखम घरातील कोणासही दिसत नाही. शतकानुशतके समाजाने हे काम ठरावीक लोकांच्या माथी मारले आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरवले. आपला ओला केर आपल्या घरी जिरवणारे कुटुंब बागेला खत मिळवते हे खरेच. परंतु आपल्या खरकट्याचा भार दुसऱ्याच्या हातावर न टाकणे, हा त्यातील अधिक मोठा लाभ आहे. माठात हात घालून खत खालीवर करताना जी किळस प्रथम वाटते, तीच किळस दुसरा कोणी रोज गिळत आला, हे त्या क्षणी ध्यानात येते. पुढे खत तयार होते आणि किळस नाहीशी होते.

उकिरड्याचे दैव आपोआप उघडत असते, तर त्यास बारा वर्षे लागलीच असती. यशवंत वाड आणि हॉवर्ड यांच्या खड्ड्यांत ते तीन महिन्यांत उघडले, कारण तेथे कोणीतरी थर नीट रचले, पाणी शिंपडले आणि ठरल्या दिवशी सर्व खालीवर केले. गच्चीवरचा माठ त्याहून अधिक काही मागत नाही. पानगळीच्या दिवसांत रस्त्याकडेचा पाला जाळू न देता दोन पोती भरून ठेवावा; वर्षभराची बेगमी होते आणि आरंभ तेथूनच करता येतो.