आनंदीबाईंचा पहिला हिवाळा

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूलमूल सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. पण मंडळाने आज्ञा केली, तेव्हा जे वाचले आणि मनात घोळले ते चार शब्दांत सांगते.

संक्रांत हा थंडीचा सण. म्हणून थंडीचाच विषय घेतला आहे. आपल्या नंदुरबारला खरी ओळख उन्हाची. बर्फ म्हटला की आपल्याला गोळेवाल्याची गाडी आठवते. वर सातपुड्यात, तोरणमाळला किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबकडे, एखाद्या कडाक्याच्या पहाटे दव गोठते आणि गवतावर मीठ सांडल्यासारखे दिसते. तेवढ्याचीही आपल्याला केवढी नवलाई! मग जिथे रस्ते, छपरे, झाडे सगळी बर्फाखाली जातात, अशा मुलुखात आपल्यातली अठरा वर्षांची मुलगी एकटी जाऊन राहिली, तेव्हा तिचे कसे झाले असेल?

ही मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे नाव आपण सगळ्याच जाणतो. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी काहींनी वाचली असेल, २०१९ साली आलेला सिनेमा पुष्कळजणींनी पाहिला असेल. त्यांचे चरित्र मात्र सर्वांआधी मराठीत लिहिले ते काशीबाई कानिटकर या बाईनेच.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. वेळेवर औषधपाणी मिळाले असते तर, हे शल्य त्यांच्या मनात राहिले आणि आपणच डॉक्टरीण व्हायचे असे त्यांनी ठरवले. गोपाळरावांच्या टपालखात्यातल्या नोकरीमुळे कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशी गावे त्यांनी पाहिली होती. पण त्यांपैकी एकाही गावी बर्फ पडत नाही. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी सुखाने गेला. त्यांना आनंदीबाई मावशी म्हणत. मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव घातले, आणि मागोमाग हिवाळा आला.

फिलाडेल्फिया आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला आहे. पौषात तिथे रात्री पाणी गोठते. आता आपले नऊवारी लुगडे डोळ्यांसमोर आणा. कामाला ते सोयीचे खरे, पण पोटऱ्या उघड्या राहतात. सुती कापड ओले झाले की अंगातली ऊब ओढून घेते. ऊब कशात असते हे आपल्या गोधडीवरून कळेल. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये जी हवा अडकते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. एकच जाड कापड ते काम करीत नाही. आनंदीबाईंनी विचार केला आणि आत परकर घालता येईल अशा गुजराती पद्धतीने लुगडे नेसू लागल्या. त्या काळी एवढा बदलही लोकांना खुपे. पण त्यांनी मांसाहार केला नाही, धर्म सोडला नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, हा शब्द त्यांनी पाळला. फक्त अंगाला ऊब हवी होती, ती घेतली. यात कमीपणा कसला?

दुसरी अडचण खोलीची. त्यांच्या खोलीतल्या शेगडीची बांधणी नीट नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की गारठा. धूर घ्या नाहीतर थंडी घ्या! बायांनो, हे ऐकून मला अमेरिका मुळीच दूर वाटली नाही. पाड्यावरच्या झोपडीत चुलीजवळ बसलेली बाई दर हिवाळ्यात हेच दोन पर्याय पाहते.

त्यांची प्रकृती पुढे ढासळत गेली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. आपल्या बायकांचे बाळंतपण हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली, पण ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या क्षयाने गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत, पोकिप्सी गावी ठेवली. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ पडतो.

क्षय थंडीने होत नाही, जंतूंमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी ते १८८२ सालीच दाखवून दिले होते. पण अन्न तुटपुंजे आणि शरीर खचलेले असले की रोगाला दार उघडे मिळते. तेव्हा त्यावर औषध नव्हते. आज आहे, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, लपवू नये.

आनंदीबाईंच्या धैर्याचे गोडवे आपण गातो ते योग्यच. पण मला वाटते, धैर्य बाईजवळ असतेच. कमी पडते ती ऊब. घरात सर्वांना पांघरूण देऊन उरलेल्या फाटक्या चादरीत निजणारी कोण? सर्वांना गरम भाकरी वाढून स्वतः गार भाकरी खाणारी कोण? याला आपण त्याग म्हणतो. पण शरीर काही त्याग ओळखत नाही, ते आपले झिजत जाते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या वाट्याची गोधडी आणि गरम घास आपण घ्यावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कोणी निजू नये. तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. आणि तिसरी, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या किती मुली शिकण्यासाठी वसतिगृहात राहतात. जुनी लुगडी आपल्या सर्वांच्या घरी आहेत, सुई सर्वांच्या हाती आहे. मंडळाने दुपारी बसून त्यांच्यासाठी गोधड्या शिवाव्या. पहिल्या गोधडीसाठी माझी दोन लुगडी मी आजच देते.

तिळगूळ घ्या आणि एवढे मनावर घ्या.