फुटबॉलमधील सांघिक चढाईचे शिक्षण



क्रीडासमारंभानिमित्त फुटबॉलविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तीस अनुसरून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. मुलामुलींच्या संघांस शिकविताना आम्हांस एक प्रश्न नेहमी पडतो. पाय चपळ, दम भरपूर, गोल करण्याची ईर्षाही दांडगी. तरीही चढाई प्रतिपक्षाच्या बचावावर आदळून का मोडते? उत्तर साधे आहे. ज्याच्यापाशी चेंडू, तो एकटाच खेळत असतो. उरलेले दहाजण प्रेक्षक बनतात.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्ली येथे हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी आघाडी सोडून मागे सरके. बचावपटूने त्याच्यामागे जावे, तर बचावास भगदाड पडे. न जावे, तर तो निर्वेधपणे चेंडू घेई. आपल्याकडे सय्यद अब्दुल रहीम या व्यवसायाने शिक्षक असलेल्या प्रशिक्षकांनीही चेंडू एका स्पर्शात पुढे देण्यावर भर दिला. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव पत्करणारा भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ४-२ अशा विजयात मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांचे तीन गोल होते. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियास २-१ असे नमवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले.

हा खेळ शिकवावा कसा? दहा पावलांचा चौकोन आखावा. चौघे कडेस, दोघे आत चेंडू हिसकावण्यास. प्रथम दोन स्पर्शांची मुभा, पुढे एकाचीच. चेंडू येण्यापूर्वीच भोवताल पाहण्याची सवय यातून जडते. दुसरा धडा तिघांचा. पहिल्याने पुढे असलेल्या दुसऱ्यास चेंडू देऊन धावत सुटावे. दुसऱ्याने तो मागे तिसऱ्याकडे टाकावा. तिसऱ्याने तो पहिल्याच्या धावेपुढील मोकळ्या जागेत सोडावा. मागे दिलेला चेंडू म्हणजे माघार नव्हे. त्याने बचावपटू पुढे ओढला जातो आणि त्याच्या पाठीमागची जागा उघडी पडते. तिसरा धडा वेळेचा. बचावपटू अंगावर येईपर्यंत चेंडू राखावा. आधी दिला, तर तो आपल्या सोबत्याकडे वळतो. उशिरा दिला, तर चेंडूच जातो.

आता वडीलधाऱ्यांस एक विनंती. मूल घरी परतताच आपण विचारतो, "गोल किती केलेस?" ज्याने रिकामी धाव घेऊन बचावपटूस दूर नेले आणि सोबत्यास वाट करून दिली, त्याचे नाव कोणी घेत नाही. असे मूल एकतर आपमतलबी खेळू लागते, नाहीतर मैदानास पाठ दाखविते. आम्ही मैदानावर महिनोन् महिने शिकविलेले घरच्या एका प्रश्नाने पुसले जाते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, सर्वाधिक गोल करणाऱ्याच्या पारितोषिकाबरोबरच गोलापूर्वीचा निर्णायक पास देणाऱ्यासही तितक्याच मानाचे पारितोषिक पुढील वर्षापासून द्यावे. त्यास खर्च थोडा. परंतु कोणता खेळ आपणांस प्रिय आहे, हे मुलांस त्यातून निःसंशय कळेल.